आठवा हेन्री: मनाची टोचणी खरी की सबब?

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीबद्दल मत बनवायला बसलं की दोन बाजू समोर येतात. भावाच्या विधवेशी, म्हणजे कॅथरिनशी, लग्न करून आपण पाप केलं ही टोचणी त्याला खरोखर लागली होती, असं एक बाजू मानते. दुसरी म्हणते, त्याला नवी बायको म्हणून ॲन बोलीन आणि वारस म्हणून मुलगा हवा होता. बायबल सोयीचं पडलं. मी बरीच वर्षं दुसऱ्या बाजूचा होतो. आता तितकी खात्री वाटत नाही.

माझं मत हललं ते हे लग्न रद्द करून घेण्यासाठी त्याने चालवलेल्या खटल्याच्या मांडणीमुळे. त्याला घटस्फोट नको होता. कॅथरिनशी 1509 साली झालेलं लग्न मुळातच अवैध होतं, असा निकाल हवा होता. त्यासाठी त्याचा मंत्री कार्डिनल वूल्सी याला एक तांत्रिक वाट दिसली होती. पहिला नवरा, म्हणजे हेन्रीचा भाऊ आर्थर, याच्याशी आपला शरीरसंबंध झालाच नाही, असं कॅथरिन सांगत होती. ते खरं धरलं तरी नुसत्या लग्नविधीमुळे येणाऱ्या अडथळ्यासाठी वेगळी सूट लागायची, आणि दुसऱ्या ज्युलियस पोपच्या 1503 च्या परवानगीपत्रात तिचा स्पष्ट उल्लेख नव्हता. दोष कागदावर गेला असता आणि पोपचा अधिकार शाबूत राहिला असता. हेन्रीने मात्र सगळा भर बायबलमधल्या लेवीय या पुस्तकावर दिला: भावाची बायको करणारा निःसंतान राहील. देवाच्या या नियमातून सूट द्यायचा हक्क पोपलाही नाही, असा त्याचा हट्ट. ज्याला फक्त सबब हवी, तो पोपलाच दुखावणारी ही वाट कशाला धरेल? 1511 साली झालेला मुलगा 52 दिवसांत गेला, पुढे जगली ती एकटी मेरी. यात त्याला देवाची शिक्षा दिसली असणार, असं मला वाटतं.

पण सबबीच्या बाजूचा पुरावाही जड आहे. ॲनच्या बहिणीशी हेन्रीचे संबंध होते, त्यामुळे चर्चच्या नियमाने ॲनही त्याला निषिद्धच होती. त्या नात्यासाठी त्याने 1527 साली पोपकडेच सूट मागितली! शिवाय बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात निपुत्रिक भावाच्या विधवेशी लग्न करणं हे दिराचं कर्तव्य सांगितलंय, आणि आर्थरला मूल नव्हतं.

पोप सातवा क्लेमेंट काय करणार होता? 1527 साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने रोम लुटलं होतं, आणि कॅथरिन चार्ल्सची मावशी. तिच्याविरुद्ध निकाल देणं त्याला परवडणारं नव्हतं.

'बायकोसाठी धर्म बदलला' हे वाक्य तर मी सोडूनच दिलंय. प्रोटेस्टंट पंथाचा प्रणेता ल्यूथर याच्याविरुद्ध लिहून 1521 साली 'धर्मरक्षक' पदवी मिळवणाऱ्या हेन्रीने 1534 साली पोपची सत्ता झुगारली, तरी 1539 च्या 'सहा कलमं' या कायद्यात भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर-रक्त होतात हे कायम ठेवलं. धर्मगुरूंना लग्नही नाहीच. 30 जुलै 1540 रोजी लंडनच्या स्मिथफील्डला त्याने एकाच दिवशी तीन प्रोटेस्टंट जाळले आणि तीन पोपनिष्ठांना फाशी दिलं.

त्याच्या मनाचा न्याय करायचा असेल तर माझा कौल टोचणीकडे. कॅथरिनचं काय झालं हे तोलायचं असेल, तर त्या टोचणीचा तिला काडीचाही उपयोग नव्हता. लग्न रद्द झाल्यावर तिला आर्थरची विधवा म्हणायचा हुकूम निघाला. तिने तो मानला नाही. जानेवारी 1536 मध्ये किंबोल्टनला डोळे मिटेपर्यंत ती स्वतःला राणीच म्हणवत होती.