बर्डीवरचं जुनं पुस्तक, ₹350

नागपुरातल्या सीताबर्डीच्या फुटपाथवर बायबलकालीन उत्खननांवरचं जाडजूड सचित्र पुस्तक मिळालं. ₹500 सांगितले, घासाघीस करून ₹350ला दिलं.

पाणीपुरवठा खात्यात माझी 30 वर्षं गेली, त्यामुळे जीव अडकला तो जेरुसलेमच्या हिज्कीया राजाच्या बोगद्यात. इ.स.पू. 8वं शतक, लांबी सुमारे 533 मीटर, एकूण उतार जेमतेम 30 सेंटिमीटर! गीहोन झऱ्याचं पाणी शहरात आणायला दोन टोळ्या दोन टोकांकडून खडक फोडत आल्या. शेवटी पलीकडच्यांच्या हाका ऐकू आल्या, असं 1880मध्ये सापडलेल्या शिलालेखातच कोरलंय. राजाचं नाव मात्र त्यात नाही. आपल्याकडे बोअरवेलवरसुद्धा नगरसेवकाचं नाव असतं!

1993मध्ये इस्रायलमधल्या तेल दान इथे सापडलेल्या, 'दाविदाच्या घराण्या'चा (बायबलमधला दावीद राजा) उल्लेख असलेल्या शिलाखंडाचा फोटो झकास आहे. मृत सागराच्या गुंडाळ्यांवरचं (तिथल्या गुहांत सापडलेली प्राचीन ज्यू हस्तलिखितं) प्रकरण रटाळ, मी पानं उलटून मोकळा झालो.

घरी येऊन पाहतो तर घडीचा नकाशा फाडून नेलेला. परत गेलो. दुकानदार म्हणतो, "काका, नकाशा मोबाइलवर पाहा नं!" पैसे परत नाहीत. घेण्याआधी पानं मोजा. बोगद्याच्या आकृत्या मात्र मी तीनदा पाहिल्या.