गोल शॉट की टोकदार ग्रिट? पावसाळा ते उन्हाळा वापरून झालेलं मत

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं काम आहे. बीम, कॉलम, पाईप सपोर्ट, अधूनमधून टाक्यांच्या प्लेटा. पेंटआधीचं ब्लास्टिंग, म्हणजे पोलादी दाण्यांचा मारा करून पत्रा साफ आणि खरबरीत करणं, रोलर कन्व्हेअरच्या मशीनवर होतं, आणि मशीनमध्ये न मावणारा जॉब ब्लास्ट रूममध्ये कॉम्प्रेसरवर. बरीच वर्षं मशीनच्या हॉपरमध्ये, म्हणजे दाणे साठवायच्या टाकीत, फक्त एस-३३० स्टील शॉट (गोल दाणा) असायचा. गेल्या पावसाळ्यापासून जी-२५ ग्रिट (टोकदार दाणा) घेतली, आधी जीपी, मग जीएल. रूमसाठी जीएच. जीपी, जीएल, जीएच या ग्रिटच्या चढत्या कडकपणाच्या प्रती. पोत्यातला दाणा हातात घेऊन मत बनवू नका, हॉपरमधला दाणा बघा, हे माझं मत आता पक्कं झालंय. जॉबवर उमटतो तो हॉपरमधल्या दाण्याचा आकार, आणि तो पोत्यातल्यासारखा नसतो.

ग्रिटकडे वळायचं कारण झिंक सिलिकेट प्रायमरचा जॉब. या प्रायमरला टोकदार प्रोफाइल, म्हणजे पत्र्यावरचा बारीक चढउतार, लागते. आमचं ब्लास्टिंग एसए २½ या स्वच्छतेच्या प्रतीला बसत होतं, रेप्लिका टेपवर (पत्र्यावर दाबून चढउताराचा ठसा घ्यायची टेप) खोलीही येत होती. पण टेप फक्त शिखर ते दरी एवढी उंची सांगते. शिखरं किती दाट आहेत, ती धारदार आहेत की गुळगुळीत, हे टेपला कळत नाही. शॉटने पडतात ते वाटीसारखे खळगे, ग्रिटने पडतात ते ओरखडलेले, कोनदार खड्डे. त्यामुळे सारख्याच मायक्रॉनला ग्रिटच्या पृष्ठभागावर पेंटला धरायला जागा जास्त मिळते. आयएसओ ८५०३ मध्ये तर शॉट आणि ग्रिटसाठी कंपॅरेटरच, म्हणजे ताडून बघायच्या नमुना पट्ट्याच, वेगवेगळ्या आहेत. ग्रिटच्या पट्टीवर ‘मिडियम’ म्हणजे ६० ते १०० मायक्रॉन, शॉटच्या पट्टीवर ४० ते ७०. ग्रिटने केलेला जॉब शॉटच्या पट्टीशी ताडून पास करणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका.

आकाराने एवढा फरक का पडतो? मशीनमधल्या दाणे फेकणाऱ्या फिरत्या चाकातून, म्हणजे व्हीलमधून, दाणा साधारण सेकंदाला ७०-८० मीटर वेगाने सुटतो. वजन आणि वेग सारखे असतील तर ऊर्जाही सारखीच. पण गोल दाणा ती ऊर्जा मोठ्या जागेवर पसरवून पत्रा दाबतो, टोकदार दाणा तीच ऊर्जा एका कोपऱ्यावर आणून पत्रा कापतो. मिल स्केल (नव्या प्लेटेवरचा काळा ऑक्साइडचा पापुद्रा) ठिसूळ असते, त्यामुळे ती शॉटच्या ठोक्याने तडकून निघते. नव्या कोऱ्या प्लेटेवर शॉट खरोखर झपाट्याने काम करतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण यार्डात पाऊस खाल्लेल्या प्लेटेवर गंजाचे बारीक खड्डे असतात. तिथे शॉट वरचा भाग चकचकीत करतो आणि खड्ड्याच्या तळाशी काळपट गंज दाबून ठेवतो. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये असा माल भरपूर असतो. ग्रिट सुरू केल्यावर या प्लेटा दुसऱ्यांदा मशीनमध्ये घालायची वेळ बरीच कमी झाली. आणखी एक लक्षात ठेवा. किनाऱ्याकडून आलेल्या मालावरचं मीठ ग्रिटनेही जात नाही, ते आधी गोड्या पाण्यानेच धुवावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. ग्रिट कशी बनते हे समजलं की तिचं पुढचं वागणंही समजतं. वितळलेल्या पोलादाच्या धारेवर पाण्याचा मारा करून आधी गोल दाणे पाडतात. ते वाळवून, चाळून, हार्डनिंग-टेम्परिंग केलं की शॉट. ग्रिट म्हणजे तेच मोठे, कडक केलेले दाणे फोडून झालेले तुकडे. जीपीचं टेम्परिंग जास्त झालेलं असतं, म्हणून ती शॉटइतकीच, म्हणजे पन्नास एचआरसीच्या (रॉकवेल कडकपणाच्या मापाच्या) आगेमागे राहते. जीएल साधारण ५३ ते ६०. जीएच त्याच्याही वर.

जीपी पहिल्या आठवड्यात छान कापते. मग कोपरे मुडपायला लागतात, आणि काही दिवसांनी हॉपरमधून मूठभर माल काढून दहापटीच्या भिंगाखाली धरला तर त्यात बहुतेक गोलसर दाणे दिसतात. दाखल्यावर ‘ग्रिट’, मशीनमध्ये जवळपास शॉट. प्रोफाइलही त्याच वेगाने गुळगुळीत होत गेली. हा मालाचा दोष नव्हे. मऊ कडा गोल होणारच, आणि मऊ असल्यामुळेच जीपी फुटते कमी आणि टिकते जास्त. पण टोकदार प्रोफाइल सातत्याने हवी असेल, तर जीपीवर भरवसा ठेवू नये. जीएच उलट वागते. ती गोल होत नाही, फुटते. फुटल्यावर नव्या धारदार कडा तयार होतात, म्हणून टोक शेवटपर्यंत राहतं, पण दाणा लवकर बारीक होऊन डस्ट कलेक्टरमध्ये जातो. ब्लास्ट रूममध्ये हे परवडतं. व्हील मशीनमध्ये जीएच टाकायचा विचारसुद्धा करू नका, ब्लेड आणि लायनरचा चुरा होईल. मशीनसाठी आम्हाला जीएल हाच मधला मार्ग सापडला.

ब्लेडचा खर्च मात्र जीएलनेही वाढला. ब्लेड, इम्पेलर, कंट्रोल केज सगळं शॉटच्या काळापेक्षा लवकर बदलावं लागतं. दाणे कोणत्या दिशेने सुटतील ते ठरवणाऱ्या कंट्रोल केजची खिडकी झिजली की माऱ्याचा पट्टा सरकतो, आणि मग जॉबऐवजी कॅबिनेटचीच झीज होते. आमचा ऑपरेटर आता शिफ्ट सुरू करताना व्हीलच्या मोटरचे ॲम्पिअर बघतो आणि आठवड्यातून एकदा जुन्या पत्र्यावर माऱ्याचा पट्टा तपासतो. ग्रिट घेणार असाल तर स्पेअरचा एक जादा सेट आधीच आणून ठेवा.

भर घालण्याची पद्धत तर दाण्याच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. हॉपर खाली जाईपर्यंत थांबून एकदम दहा पोती ओतली की त्या दिवशीची प्रोफाइल उसळते. रोज थोडी भर घातली की हॉपरमध्ये नवे, अर्धे झिजलेले आणि बारीक असे सगळे दाणे एका प्रमाणात राहतात. मोठे दाणे थर फोडतात, बारीक दाणे कानाकोपरा साफ करतात. दाण्याचा व्यास निम्मा झाला की त्याचं वजन आठव्या हिश्शावर येतं, पण एका किलोत दाणे आठपट होतात. म्हणून सगळा बारीक माल फेकून देण्याची घाई करू नका. धूळ वेगळी करणाऱ्या सेपरेटरमधला पडणाऱ्या दाण्यांचा पडदा पूर्ण रुंदीभर सारखा पडतोय आणि हवा फक्त धूळ उचलतेय, एवढं बघा.

आकड्यांच्या नावांनी नवे लोक गोंधळतात, तेही सांगतो. शॉटमध्ये आकडा वाढला की दाणा मोठा होतो, कारण एस-३३० म्हणजे ०.०३३ इंच, साधारण ०.८४ मिलिमीटर. ग्रिटमध्ये आकडा चाळणीचा, म्हणून जी-४० हा जी-२५ पेक्षा बारीक. खरेदी खात्याला हे लिहून द्या.

पण सगळीकडे ग्रिट असं माझं म्हणणं नाही. जो माल २०-२५ मायक्रॉनच्या शॉप प्रायमरवर ठेवायचा, तिथे जी-२५ ची उंच शिखरं प्रायमरच्या वर डोकावतात आणि चार दिवसांत टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके उठतात. अशा मालासाठी आम्ही शॉट जास्त आणि थोडी ग्रिट असं मिश्रण चालवतो. शिरोलीच्या फाउंड्र्यांमध्ये कास्टिंगवरची वाळू काढायची असते, तिथे शॉटच योग्य. त्याचा ठोका वाळू सोडवतो आणि मशीनचं आयुष्यही वाढतं. स्प्रिंग किंवा गिअरच्या शॉट पीनिंगमध्ये तर गोलपणाशी अजिबात तडजोड नको. तिथे पृष्ठभागावर दाबाचा ताण बसवायचा असतो. तुटक्या दाण्याची एक धार ओरखडा पाडते आणि तिथूनच पुढे तडा जातो.

मधल्या काळात एका पुरवठादाराकडून स्वस्तातला माल आला होता. भिंगाखाली त्यात पोकळ दाणे, शेपटीवाले दाणे आणि एकमेकांना चिकटलेले जोडदाणे बरेच निघाले. पोकळ दाणा हलका, त्यामुळे ठोका कमी आणि पहिल्या काही फेऱ्यांतच तो फुटतो. किलोचा भाव कमी वाटला, पण भर घालायचं प्रमाण इतकं वाढलं की चौरस मीटरमागे तो माल महागच पडला. तेव्हापासून आम्ही प्रत्येक लॉटमधून चमचाभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरून बघतो, चाळणी लावतो आणि आयएसओ १११२४-३ प्रमाणे दाखला मागतो. दाखल्यावर हार्डनेस लिहिलेला नसेल तर पोती गाडीतून उतरवून घेत नाही.

सध्याची घडी अशी आहे. झिंक सिलिकेट आणि जाड इपॉक्सीच्या जॉबला जीएल जी-२५, शॉप प्रायमरच्या मालाला मिश्रण, ब्लास्ट रूममध्ये जीएच जी-४०. पुन्हा घेणार का? जीएल नक्की घेणार. जीपी फक्त मिश्रणाच्या हॉपरसाठी, कारण तिथे ती गोल झाली तरी चालते.