एमएसओपीसीके: उपग्रहाच्या कॅमेऱ्याची दिशा फाइलमध्ये बसवताना आलेला अनुभव

उपग्रहावरचा कॅमेरा कोणत्या क्षणी कुठे रोखलेला आहे हे सिम्युलेशनला सांगायचं, तर आकड्यांची एक फाइल लागते. ती बनवायला मी गेले कित्येक महिने एमएसओपीसीके वापरते आहे आणि आता दुसऱ्या कशाकडे वळायची इच्छा नाही. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत नाइफ नावाचा गट आहे. अवकाश मोहिमांची भूमिती सांभाळणारी स्पाइस प्रणाली त्यांची, आणि हा छोटा प्रोग्राम त्याच संचाबरोबर फुकट मिळतो. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. कमांड लाइनवर तीन नावं द्यायची: सेटअप फाइल, आकड्यांची फाइल आणि तयार होणारी सीके फाइल, म्हणजे स्पाइसची दिशा साठवणारी फाइल.

माझं काम साधारण ५०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीची छायाचित्रं घेणाऱ्या लहान उपग्रहाच्या सिम्युलेशनचं आहे. नियंत्रणाचं गणित करणारे सहकारी मला वेळ आणि चार आकडे अशा ओळींचा तक्ता पाठवतात. चार आकडे म्हणजे क्वाटर्निअन, यान अवकाशात कसं वळलेलं आहे हे सांगणारा संच. तक्ता दिसायला निरुपद्रवी असतो, पण त्या आकड्यांचा अर्थ तक्त्यात कुठेच लिहिलेला नसतो. एमएसओपीसीके मला आवडतो तो इथे. वेळ कोणत्या पद्धतीची, आकडे कोणत्या प्रकारचे, संदर्भ फ्रेम (दिशा ज्या अक्षांच्या सापेक्ष मोजायची ते अक्ष) कोणती, उपकरणाचा क्रमांक काय, हे सगळं सेटअप फाइलमध्ये लिहिल्याशिवाय तो पुढे जात नाही. आपल्या वतीने तो काही गृहीत धरत नाही, त्यामुळे प्रश्न ज्याला विचारायचे त्याला वेळेवर विचारले जातात.

क्वाटर्निअनचंच बघा. स्पाइसच्या रिवाजात अदिश घटक (फिरण्याच्या कोनाशी जोडलेला आकडा; उरलेले तीन म्हणजे अक्ष सांगणारा सदिश भाग) पहिला येतो. एसटीके या मोहीम-सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या अ‍ॅटिट्यूड (यानाच्या दिशेच्या) फाइलमध्ये तो शेवटी असतो. म्हणून इथे ‘स्पाइस क्वाटर्निअन’ आणि ‘एमएसओपी क्वाटर्निअन’ असे दोन वेगळे पर्याय आहेत, आणि फरक नुसत्या जागेचा नाही, सदिश भागाच्या चिन्हाचाही आहे. चिन्ह उलटलं की फिरण्याची दिशा उलटते. संदर्भ फ्रेममधून उपकरणाच्या फ्रेममध्ये जायचं तिथे आपण उलटे येतो. अवकाश संस्थांची मानकं ठरवणाऱ्या सीसीएसडीएस या समितीच्या अ‍ॅटिट्यूड संदेशाच्या २००८ च्या मानकातही अदिश घटक आधी की नंतर, आणि रूपांतर कुठून कुठे, हे दोन्ही मुद्दे फाइलमध्ये स्पष्ट लिहावे लागतात. जगभरातल्या संस्थांना हे लिहून ठेवायची गरज वाटली, यातच सगळं आलं.

नवीन येणाऱ्याला मी एक गोष्ट आग्रहाने सांगते. चाचणीसाठी शून्य कोन किंवा एकाच अक्षाभोवतीचे १८० अंश घेऊ नका. तिथे सरळ आणि उलट फिरणं सारखंच दिसतं आणि चूक लपून राहते. तीन अक्षांवर १०, २५ आणि ४० अंश असे वेडेवाकडे कोन घ्या, एक दिशा हाताने काढा आणि मग फाइलमधून येणारं उत्तर ताडून बघा. क्वाटर्निअनऐवजी ऑयलर कोन (अक्षांभोवती एकामागून एक फिरवण्याचे तीन कोन) देणार असाल तर फिरवण्याचा क्रम, एकक आणि अक्ष यानाबरोबर फिरतात की स्थिर राहतात, हेही सेटअपमध्ये सांगावं लागतं.

दशांश स्थळांकडे फार कमी लोक लक्ष देतात. क्वाटर्निअन चारच दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केला, तर एका घटकात ०.००००५ पर्यंत चूक येते आणि कोनात ती साधारण दुप्पट होते, म्हणजे ०.०००१ रेडियन, सुमारे २० आर्कसेकंद. ५०० किलोमीटरवरून जमिनीवर हे ५० मीटर. पाच मीटरच्या पिक्सेलचा कॅमेरा असेल तर दहा पिक्सेल सरकले! क्वाटर्निअनची लांबी १ पासून किती ढळली तर चालेल, याची मर्यादा सेटअपमध्ये देता येते, पण ही चूक त्या चाळणीतून अलगद निसटते, कारण लांबी जवळपास १ च राहते. मी बारा दशांश स्थळं मागून घेते. फाइल थोडी फुगते, फुगू दे.

वेळेचा मामला याहून ठळक. स्पाइसच्या आतला काळ टीडीबी (ग्रहगणितात वापरली जाणारी एकसारखी कालगणना) आहे आणि लीप सेकंदांची फाइल त्याला यूटीसीशी, म्हणजे अधूनमधून एक सेकंद वाढवल्या जाणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेशी, जोडते. १ जानेवारी २०१७ पासून या दोन काळांत सुमारे ६९.१८ सेकंदांचं अंतर आहे. सेकंदांचा स्तंभ कुणी एका काळात दिला आणि आपण दुसरा समजलो, तर सेकंदाला साडेसात किलोमीटर धावणारा उपग्रह तेवढ्यात ५०० किलोमीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. म्हणून मी सेकंद घेतच नाही, तारीख आणि वेळ आयएसओ पद्धतीने लिहिलेली मागते. सीकेमध्ये वेळ यानाच्या घड्याळाच्या ठोक्यांत साठवली जाते आणि काल्पनिक उपग्रहाला घड्याळ कुठून आणायचं, हा प्रश्न येतोच. त्यासाठी लटकी घड्याळ फाइल बनवून देण्याचा पर्याय यातच आहे. सिम्युलेशनवाल्यांसाठी ही मोठीच सोय.

मी सगळ्यात जास्त वेळ दिला तो दोन ओळींमधल्या वेळेच्या अंतरावर. टाइप ३ ची सीके (सीके फाइलचा एक प्रकार) दोन नोंदींच्या मध्ये यान एकाच अक्षाभोवती एकसारख्या वेगाने फिरलं असं मानते. कॅमेरा स्थिर असेल तर हे अगदी बरोबर. पण यान वळायला सुरुवात करतं तेव्हा वेग बदलत असतो, आणि तिथली सर्वाधिक चूक म्हणजे कोनीय त्वरण गुणिले अंतराचा वर्ग, भागिले आठ. त्वरण ०.०५ अंश प्रति सेकंद वर्ग आणि नोंदी दर दहा सेकंदांनी असतील तर चूक ०.६२५ अंश, जमिनीवर पाच किलोमीटरच्या वर. नोंदी दर सेकंदाला घेतल्या की तीच चूक शंभरपट कमी होते. याच्याच जोडीला सर्वाधिक वैध अंतराचा आकडा, म्हणजे दोन नोंदींमधली जास्तीत जास्त किती मोठी फट भरून काढायची तो, विचारपूर्वक द्या. तो अवास्तव मोठा दिला तर तक्त्यातल्या खऱ्या खंडांवरूनही प्रोग्राम बिनदिक्कत पूल बांधतो, आणि जिथे माहितीच नाही तिथे सिम्युलेशनला सुबक, खोटी दिशा मिळते. फार लहान दिला तर फाइलचे तुकडे पडतात. कुठून कुठपर्यंत माहिती आहे हे सीकेब्रीफ हा स्पाइसचाच प्रोग्राम दाखवतो. प्रत्येक नवीन फाइलवर तो चालवल्याशिवाय मी ती पुढे पाठवत नाही.

कॅमेरा यानावर कसा बसवला आहे, हे मात्र सीकेमध्ये कोंबू नका. सीकेत यानाच्या अंगाची दिशा ठेवा आणि बसवणीचे कोन फ्रेम कर्नलमध्ये, म्हणजे फ्रेमच्या व्याख्या लिहिलेल्या स्पाइसच्या टेक्स्ट फाइलमध्ये. कॅसिनीचीच मांडणी बघा: यानाचा क्रमांक उणे ८२, त्याच्या अंगाचा उणे ८२०००, अरुंद दृष्टिक्षेत्राच्या कॅमेऱ्याचा उणे ८२३६०. आपल्या चांद्रयान-१ लाही नाइफच्या यादीत उणे ८६ हा क्रमांक आहे. फ्रेम कर्नलमधला वर्ग क्रमांक (क्लास आयडी) आणि सीकेमधला उपकरण क्रमांक तंतोतंत एकच हवेत, नाहीतर दोन्ही फाइली बिनचूक असूनही एकमेकींना ओळखत नाहीत. आणि बसवणीचे कोन उपकरणाकडून यानाकडे असे द्यायचे असतात, बहुतेकांच्या मनातल्या दिशेच्या उलट.

फ्रेम कर्नलसारखी टेक्स्ट कर्नल विंडोजवर लिहून लिनक्सवर न्यायची तर ओळींचे शेवट बदलावे लागतात, ते काम नाइफचाच बिंगो हा प्रोग्राम करतो.

या प्रोग्रामची मर्यादा सरळ आहे. तुम्ही जे जाहीर केलं ते तो काटेकोरपणे पाळतो, पण जाहीर केलेलं खरं आहे का हे त्याला कळणं शक्य नाही. ते तपासायला फ्रेमडिफ हा स्पाइसचाच तुलना करणारा प्रोग्राम हवा. दोन फाइलींचे स्तंभ वजा करून बघण्यात अर्थ नाही, कारण सगळी चिन्हं उलटलेला क्वाटर्निअनही तीच स्थिती दाखवतो. फ्रेमडिफ प्रत्यक्ष फिरण्यातला फरक देतो. त्यानंतर मी कॉस्मोग्राफिया या त्रिमितीय चित्र दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कॅमेऱ्याचं दृष्टिक्षेत्र उघडून डोळ्यांनी बघते. जीमॅट या नासाच्या मोहीम-आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पाइसवर चालणारा अ‍ॅटिट्यूडचा पर्याय निवडला की हीच सीके, घड्याळ आणि फ्रेमच्या फाइलींसकट, थेट वापरता येते.

शेवटचा गुण मला उशिरा उमगला. तयार झालेल्या सीकेच्या टिपणीच्या भागात एमएसओपीसीके सेटअप फाइलचा मजकूर स्वतःहून उतरवून ठेवतो, आणि तुमची स्वतंत्र टीप दिली असेल तर तीही. कॉमंट हा टिपण्या वाचणारा स्पाइसचा प्रोग्राम चालवला की ती फाइल कोणत्या गृहीतकांवर बनली हे वर्षांनंतरही वाचता येतं. म्हणून सेटअपबरोबर मी चार ओळींची टीप नेहमी जोडते: तक्ता कोणत्या मॉडेलमधून आला, क्वाटर्निअन कोणत्या प्रकारचा आणि नोंदी किती सेकंदांनी आहेत.