वॉटरमार्कच्या एका रकान्याचे सहा हजार

अण्णा, म्हणजे माझे वडील, ३७ वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. आमच्याकडे प्रेस म्हणजे तिकिटं छापणारी, १९२५ सालची. तोवर लंडनहून छापून येणारी टपाल तिकिटं १९२६ पासून इथं निघू लागली, हे अण्णा घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी ऐकवतात. निवृत्तीनंतर त्यांनी फक्त नाशकात छापलेल्या भारतीय तिकिटांचा संग्रह धरला. १९४८ची गांधीजींची चार तिकिटं त्यांच्याकडे मुद्दाम नाहीत, कारण ती स्वित्झर्लंडला छापली. असा माणूस.

आल्बम उघडून दाखवताना एकदा चहा सांडला आणि ठरलं की फोटो काढून, नोंदी करून सगळं इंटरनेटवर टाकायचं. १४०० तिकिटं. एका ओळखीतून कॉलेज रोडचा एक सॉफ्टवेअरवाला घरी आला. वागायला गोड, अण्णांना "काका, काका". म्हणाला, संग्रहालयांसाठी आम्ही स्वतः बनवलेलं सॉफ्टवेअर आहे, मराठीत चालणारं दुसरं तुम्हाला मिळणारच नाही. ३२ हजार एकदा, मग वर्षाला ८ हजार. अण्णांची यादी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, ती युनिकोडमध्ये बदलायचे नोंदीमागे ७ रुपये वेगळे. मी घासाघीस केली ती त्या ७ रुपयांवर. जिथं विचारायला हवं होतं तिथं गप्प बसलो.

साइट छानच झाली, ते नाकारत नाही. सिन्नरच्या एका संग्राहकाचा अण्णांना फोन आला, तेव्हा अण्णा दोन दिवस तोच फोन सांगत होते.

खटका उडाला वॉटरमार्कवरून, म्हणजे कागदातच उमटवलेल्या पुसट खुणेवरून. १९५७ला नवे पैसे आले तेव्हा भारताच्या नकाशाची तिकिटं निघाली. पहिल्या कागदात ताऱ्यांचा वॉटरमार्क, पुढच्या वर्षीपासून अशोकस्तंभाचा. समोरून तिकीट हुबेहूब तेच. संग्राहकाला मात्र ती दोन वेगळी तिकिटं, आणि आमच्या नोंदीत वॉटरमार्कला रकानाच नव्हता. मी रकाना मागितला. उत्तर आलं: "सर, ते कस्टमायझेशनमध्ये जातं. डेटाबेस बदलावा लागतो. ६ हजार." दिले. ॲडमिनचा पासवर्ड मागितला तेव्हा "तुमच्याकडून चुकून काही उडालं तर?" अण्णांना ही काळजी फार पटली.

तिसऱ्या वर्षी नूतनीकरणाचं बिल आलं २४ हजारांचं. सर्व्हर महागले म्हणे. मी म्हटलं, आम्हाला आमचा डेटा द्या, आम्ही दुसरीकडे जातो. त्यावर गोडवा संपला. डेटा "आमच्या फॉरमॅटमध्ये" आहे, काढून द्यायचे १८ हजार. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तपासलं तर त्याच्या नावावर. अण्णांच्या आडनावाचं डोमेन, दरवर्षी पैसे आम्ही भरलेले, मालक तो! डोमेनचा वर्षाचा खर्च हजाराच्या आतबाहेर असतो, हेही मला तेव्हा कळलं.

मुदत संपायला आठ दिवस होते. पुण्याहून भाचा आला. त्यानं एका तिकिटाचं पान उघडलं, वरच्या पत्त्यात 'आयटम्स', तिरकी रेघ, 'शो' आणि आकडा बघितला आणि म्हणाला, "मामा, हे तर ओमेका आहे." ओमेका म्हणजे संग्रह इंटरनेटवर मांडायचं सॉफ्टवेअर, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या केंद्रानं बनवलेलं, २००८ पासून कुणालाही फुकट उतरवून घेता येणारं. तळाशी ओमेकाचं नाव असलेली ओळ पठ्ठ्यानं पुसून तिथं स्वतःचा लोगो लावला होता. ओमेकाचे मूळचे रकाने डब्लिन कोअर या नोंदींच्या ठरलेल्या साच्याचे, १५. शीर्षक, निर्माता, दिनांक वगैरे. वॉटरमार्कसारखा आपला रकाना जोडायला ॲडमिनमध्ये 'आयटम टाइप' असतो. भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवर जोडून दाखवला. माझा चहा संपायच्या आत. डेटाबेसला हात लावावा लागला नाही.

फुकटचं सॉफ्टवेअर बसवून देण्याचे पैसे घेतले, यावर माझा राग नाही. परवाना तशी मुभा देतो आणि मेहनतीचा मोबदला घ्यावाच. राग आहे तो "आम्ही बनवलं" म्हणण्याचा आणि किल्ल्या स्वतःच्या खिशात ठेवण्याचा.

भाच्यानं पानांच्या पत्त्याला एक शेपूट जोडून नोंदी एक्सएमएलमध्ये, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येईल अशा फाइलींत, उतरवल्या. ती सोय मूळ सॉफ्टवेअरचीच, ती बंद करायचं त्या गृहस्थाला सुचलं नव्हतं. मोठे फोटोही मिळाले. पण अण्णांनी तपासायच्या म्हणून दडवून ठेवलेल्या १८६ नोंदी बाहेरून दिसतच नव्हत्या. त्या गेल्या.

पोलिसांकडे गेलो. कागद वाचून म्हणाले, हा व्यवहारातला वाद आहे, ग्राहक आयोगाकडे जा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. करारात डेटा कुणाचा याबद्दल एक अक्षर नाही आणि सही माझी आहे, त्यामुळे फार आशा नाही. तुमच्या घरी असा कुणी आला तर पैसे देण्याआधी त्याला समोर बसवून सगळ्या नोंदी आणि फोटो तुमच्या पेनड्राइव्हवर काढून दाखवायला सांगा. डोमेन स्वतःच्या ईमेलनं, स्वतःच्या कार्डानं घ्या. घरबसल्या नोंदीच हव्या असतील तर आधी साधी एक्सेल पुरते. आम्हालाही पुरली असती.

आता ओमेका आमच्याच होस्टिंगवर आहे, नव्या डोमेनवर. जुन्या डोमेनवर पान उघडत नाही. अण्णा रोज सकाळी काळ्या थाळीत तिकीट पालथं ठेवून पेट्रोलियम बेंझिनचे दोन थेंब टाकतात, ओल्या कागदात वॉटरमार्क दिसला की आतून ओरडतात, "तारे!" किंवा "स्तंभ!" मी बाहेर टाइप करतो. १८६ मधल्या ४१ झाल्या आहेत.