आई आणि दादाच्या प्रवासाचं प्लॅनिंग एआयकडून: बरेच महिने वापरून झाल्यावर

आधी सांगते कोणासाठी वापरलं, कारण सगळं त्यावरच आहे. आई पंचाहत्तरीच्या पुढची, गुडघे गेलेत, सपाटीवर हळूहळू चालते पण जिने नाही जमत, आणि ऐकायलाही जरा कमी येतं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर, अजिबात उभा राहू शकत नाही. दोघांना एकत्र कुठे न्यायचं म्हणजे प्लॅनिंगमध्येच निम्मा जीव जातो, म्हणून एआय चॅटबॉटला कामाला लावलं. दोन-तीन वापरून बघितले, थोड्याफार फरकाने सगळे सारखेच, त्यामुळे नाव घेत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते: कुठली जागा सोयीची आहे हे त्याला विचारण्यात अर्थ नाही, पण आपण हॉटेलला आणि एअरलाइनला काय विचारायला हवं ते काढून घ्यायला त्याच्यासारखा दुसरा नाही.

नुसतं "सीनियर सिटिझन आणि व्हीलचेअर युजरसाठी चार दिवसांचा प्लॅन दे" म्हटलं की म्युझियम, बाग, बोट राइड आणि "आरामात फिरा" असं काहीतरी येतं, जे कोणालाही दिलं तरी चालेल. आजाराचं नाव टाकलं तरी तेच, वर डॉक्टरांचा सल्ला घ्या. खरा फरक पडतो तो काय जमतं आणि काय नाही ते लिहिल्यावर. मी एक पानभर मजकूर करून ठेवलाय, नवीन चॅट उघडला की तोच पेस्ट करते. आई न थांबता दहा मिनिटं चालते, मग पाठ टेकायला खुर्ची लागते, नुसता बाक चालत नाही, कठड्याला धरून दोन पायऱ्या, तिसरी नाही, आणि पाणी काढायची गोळी सकाळी घेते त्यामुळे दुपारपर्यंत बाथरूम जवळ पाहिजे. दादाची खुर्ची किती रुंद, किती जड, बॅटरी काढता येते की नाही, आणि तो खुर्चीवरून कमोडवर कुठल्या बाजूने सरकतो. एवढं दिलं की प्लॅन एकदम माणसात येतो, सकाळी एकच ठिकाण, मधे दोन तास रूमवर, आणि दिवसाच्या शेवटी काही ठेवलं तर ते रद्द केलं तरी चालेल असं. शिवाय आजाराची फाइल कुठल्या कंपनीला द्यावी लागत नाही हा वेगळा फायदा.

आता हॉटेल. इथे एआय बिनधास्त ठोकून देतं. एका हॉटेलबद्दल "पूर्णपणे व्हीलचेअर फ्रेंडली" म्हणालं, हॉटेलच्या साइटवरही तेच होतं. मग मी त्याच्याकडूनच हॉटेलला ईमेल लिहून घेतला: बाथरूमच्या दारात टेप धरून फोटो पाठवा, दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती ते दिसू दे, कमोड समोरून, शॉवर, आणि बाहेरचं मुख्य दार. फोटो आले. दार छान ३३ इंच मोकळं (अमेरिकन स्टँडर्डमध्ये किमान ३२ लागतं), शॉवरला उंबरठा नाही, धरायला बार आहे. पण कमोड उजव्या भिंतीला चिकटवलेला, मोकळी जागा सगळी डावीकडे, आणि दादा उजवीकडूनच सरकतो. म्हणजे रूम खरंच अ‍ॅक्सेसिबल होती, फक्त दुसऱ्या कोणासाठी तरी! मुख्य दाराला एकच पायरी, सहा इंचाची, "आमच्याकडे रॅम्प आहे" म्हणाले, तो जेमतेम अडीच फूट. १:१२ चा उतार (म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच रॅम्प) धरला तर सहा इंचाला सहा फूट रॅम्प लागतो, अडीच फुटांवरून जड इलेक्ट्रिक खुर्ची चढवायची म्हणजे उलटी पडायची भीती. दुसरं हॉटेल घेतलं, फोटो मागवूनच.

विमानाच्या बाबतीत मात्र मी खूश आहे. तिकीट काढताना नुसतं "व्हीलचेअर हवी" टिक करून भागत नाही, त्याचे कोड असतात हे मला यातूनच कळलं आणि मग एअरलाइनकडून खात्री करून घेतली. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढू शकतो पण लांब चालवत नाही, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना नाही पण केबिनमध्ये सीटपर्यंत स्वतः जातो, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. आईला एस, दादाला सी. आईला आर लागला असता तर बसमधून विमानापर्यंत नेऊन शिडीखाली उभं केलं असतं. बहुतेक ठिकाणी हे किमान ४८ तास आधी कळवायला सांगतात, मी तिकीट काढल्या दिवशीच कळवते आणि उत्तर लेखी घेते.

बॅटरीचा हिशोबही बरोबर करून दिला. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-अवर, २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर असेल तर २४०. काढता येणारी एकच लिथियम बॅटरी असेल तर मर्यादा ३०० आणि ती काढून केबिनमध्ये न्यायची, दोन असतील तर प्रत्येकी १६०. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून एअरलाइनचा ईमेल प्रिंट करून खुर्चीच्या पिशवीत. खुर्ची चालवायची जॉयस्टिक काढून हातात ठेवायची, आणि ब्रेक कसा सोडायचा त्याचा कागद खुर्चीलाच चिकटवायचा, हा सल्ला पण त्याचाच, आणि सोन्यासारखा.

कनेक्शनच्या वेळेत मात्र सांभाळा. तासाभराचं कनेक्शन बिनदिक्कत सुचवतं. मदत घेणाऱ्यांना विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात हे त्याच्या गावीच नसतं, मी अडीच-तीन तासांच्या खाली घेतच नाही. आणि छोट्या, एकाच पॅसेजच्या विमानांत टॉयलेटपर्यंत दादाला नेणं जवळपास अशक्य, हे तर विचारल्याशिवाय सांगतच नाही.

रेस्टॉरंट वगैरेसाठी एआय सोडा, व्हीलमॅप बघा. २०१० साली बर्लिनमध्ये सुरू झालेला नकाशा आहे, लोकच जागांना हिरवा, केशरी, लाल लावतात. बऱ्याच जागा करड्या असतात, म्हणजे अजून कोणी बघितलेलंच नाही, पण निदान तो खोटं बोलत नाही.

आईच्या ऐकण्याबद्दल एआयने फारसं काही केलं नाही, गेट बदलल्याची घोषणा तिला कळत नाही म्हटल्यावर "स्टाफला सांगा" एवढंच. त्यापेक्षा एअरलाइनच्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन आणि व्हायब्रेशन लावलेला फोन तिच्या हातात, हे जास्त उपयोगी पडलं.

आणि स्टेशनची लिफ्ट. प्लॅनमध्ये "लिफ्ट उपलब्ध" असं लिहून येतं, ती त्या दिवशी चालू असेल का हे आधी प्लॅन करताना त्याला कळू शकत नाही. सकाळी निघायच्या आधी मेट्रोच्या स्वतःच्या साइटवर बंद लिफ्टची यादी बघते, आणि प्लॅन करतानाच त्याला सांगून ठेवते की प्रत्येक ठिकाणासाठी आधीचं किंवा नंतरचं लिफ्टवालं स्टेशन पण दे, तिथून रस्त्याने किती अंतर आणि चढ आहे का तेही.