काळी पाच, ५७ सप्तकं खाली : चंद्रा दुर्बिणीची ऐकायची चित्रं

साताऱ्याजवळच्या अंध मुलांच्या निवासी शाळेत मी पेटी शिकवते. स्वतः जन्मापासून अंध आहे. गेल्या जूनपासून शनिवारी पेटीचा तास संपला की आम्ही अर्धा तास आणखी बसतो. मुलांनी त्याचं नाव ठेवलंय 'आकाशाचा तास'. या तासाला आम्ही जे ऐकतो त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण अंध मुलांच्या शिक्षकांनी आणि पालकांनी हे वापरून बघावं असं मला फार वाटतं.

नासाच्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीची मंडळी २०२० पासून दुर्बिणींनी टिपलेल्या माहितीचे आवाज करून इंटरनेटवर ठेवतात. इंग्रजीत त्याला सोनिफिकेशन म्हणतात, आम्ही 'ऐकायची चित्रं' म्हणतो. एक पैसा पडत नाही. किंबर्ली आर्कंड, मॅट रुसो आणि अँड्र्यू सँटागीडा या तिघांनी हे काम उभं केलं. ख्रिस्टीन मालेक या अंध बाईंचा सल्लाही त्यात घेतलेला आहे, आणि मला विचाराल तर ऐकताना ते कळतं.

सुरुवात आकाशगंगेच्या मध्यापासून करा. साधारण ४०० प्रकाशवर्षं रुंदीचा भाग डावीकडून उजवीकडे वाचत नेलाय, ब्रेलच्या ओळीवरून बोट न्यावं तसा. चित्रात जे वर आहे ते उंच सुरात, खाली आहे ते खालच्या सुरात. प्रकाश जास्त तिथे आवाज मोठा. तारे म्हणजे सुटे सुटे स्वर. वायू आणि धुळीचे ढग म्हणजे मागे तंबोरा लावून ठेवल्यासारखी आस, पण ही आस एका जागी थांबत नाही, सरकत राहते. उजवीकडे खालच्या अंगाला येता येता सगळं भरून येतं. तिथे सॅजिटेरियस ए स्टार आहे, आपल्या सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर. चंद्रा, हबल आणि स्पिट्झर या तीन दुर्बिणींचे आवाज वेगवेगळेही ऐकता येतात आणि एकत्रही. आधी वेगवेगळे ऐका. मी पहिल्या दिवशी एकदम एकत्र लावलं आणि मुलं गोंधळली.

नंतर आम्ही एक युक्ती केली. पुठ्ठ्यावर फेविकॉलने साबुदाणे चिकटवले, ते तारे. ढगांसाठी पिंजलेला कापूस. उजव्या कोपऱ्याकडे हरभऱ्याचा ढीग, ते कृष्णविवर. एका डोळस शिक्षिकेने स्क्रीनवरचं चित्र बघून जागा सांगितल्या. मग आवाज लावायचा आणि त्याच चालीने पुठ्ठ्यावरून हात न्यायचा. तिसऱ्या वेळेला आठवीतल्या एका मुलीचा हात हरभऱ्याच्या ढिगावर नेमका त्या भरून येण्याच्या क्षणी पोचला. ती थांबली आणि तिने विचारलं, "बाई, डोळस माणसांना हे असंच दिसतं का?"

मी सांगितलं की नाही दिसत. चंद्रा टिपते ते क्ष-किरण, स्पिट्झरने टिपला तो अवरक्त प्रकाश. माणसाच्या डोळ्याला दोन्ही दिसत नाहीत. दुर्बिणीकडून आकडे येतात आणि शास्त्रज्ञ त्या आकड्यांना रंग देतात, म्हणून चित्र होतं.

"म्हणजे त्यांनाही कुणीतरी करूनच द्यावं लागतं?"

हो ग बाई, त्यांनाही.

त्या दिवशी मला माझी दहावी आठवली. अंध मुलांना सवलत म्हणून गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि विज्ञानाऐवजी शरीरशास्त्र, आरोग्य आणि गृहविज्ञान घेता यायचं. मला विज्ञान हवं होतं. "तुला प्रयोग दिसणार नाहीत, मग उगाच कशाला?" असं सांगून माझ्या नावापुढे सवलतीची खूण झाली. सांगणारी माणसं वाईट नव्हती, काळजीपोटीच म्हणत होती. पण आमच्यातल्या किती जणांसाठी भूगोलातला ग्रह-ताऱ्यांचा धडा "तुम्हाला नाही विचारणार" एवढ्यावर संपला असेल! अंध माणूस खगोलशास्त्रात येत नाही याचं कारण आकाश दिसत नाही हे असतं तर खोडदची जीएमआरटी दुर्बीण डोळस माणसांनाही चालवता आली नसती. नारायणगावजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रेडिओ लहरी झेलत उभ्या आहेत, आणि रेडिओ लहरी तर कुणालाच दिसत नाहीत.

पेटी शिकवणाऱ्या माणसाने चुकवू नये असा तुकडा म्हणजे पर्सियस दीर्घिका समूहाचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या अनेक दीर्घिकांच्या घोळक्याचा. इथे आवाज नुसता आकड्यांवरून बेतलेला नाही. आपल्यापासून सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या या समूहातल्या तप्त वायूत, मधल्या कृष्णविवरामुळे उठलेल्या खऱ्या ध्वनिलहरी चंद्रा दुर्बिणीला २००३ मध्ये सापडल्या. पट्टी? काळी पाच, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी. मात्र मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या ५७ सप्तकं खाली. आमच्या पेटीत साडेतीन सप्तकं. मी मुलांना खर्जापर्यंत आणलं आणि म्हटलं, आता इथून खाली आणखी पंधरा-सोळा पेट्या एकापुढे एक लावा. एक आंदोलन पुरं व्हायलाच जवळजवळ १ कोटी वर्षं लागतात. २०२२ मध्ये हा सूर ५७ आणि ५८ सप्तकं वर चढवून कानाला ऐकू येईल असा केला. घुमणारा, विहिरीत तोंड घालून हुंकार भरावा तसा आवाज आहे. लहान मुलं घाबरली, मोठ्यांनी पाच वेळा लावायला लावला.

कॅसिओपिया ए या फुटलेल्या ताऱ्याचा तुकडाही चांगला आहे. त्यात सिलिकॉन, गंधक, कॅल्शियम आणि लोह मधून बाहेर चार दिशांना जाताना ऐकू येतात. पण आधी समजावून सांगितल्याशिवाय ते पोचत नाही.

आता उणिवा. वर्णनं इंग्रजीत आहेत. टॉकबॅक, म्हणजे मोबाइलवरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, ती वाचतं, पण आठवीच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. मी सहा तुकड्यांची वर्णनं मराठीत करून ब्रेलमध्ये उतरवली, त्यात दिवाळीची सुट्टी गेली. मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर येतच नाहीत, बरे हेडफोन किंवा मोठा स्पीकर हवा. आणि माझा खरा आक्षेप असा की हे सगळं फार गोड आहे. वाद्यं निवडून, सजवून हातात दिलेलं. ऐकायला सुंदर, पण मुलाला त्यात स्वतः काही शोधता येत नाही. ताटात वाढलेलं खाणं आणि स्वतः चूल मांडणं यांत फरक असतो.

चूल मांडायची असेल तर सोनोउनो नावाचं सॉफ्टवेअर बघा. यात आकड्यांची आपली स्वतःची फाइल उघडून ऐकता येते. अर्जेंटिनातल्या मंडळींनी ते वांडा दिआझ-मर्सेड यांच्याबरोबर तयार केलंय. वांडाबाई पोर्तो रिकोच्या. शिकत असताना मधुमेहाने दृष्टी गेली, तरी खगोलशास्त्र सोडलं नाही. आलेख दिसेना म्हणून आलेख ऐकायला लागल्या आणि ग्लासगो विद्यापीठातून पीएचडी केली. त्यांच्या अभ्यासातून असंही पुढे आलं की चित्राच्या जोडीला आवाज असला तर डोळस संशोधकांनाही गोंगाटात दडलेली खूण जास्त चांगली ओळखता येते. मुलांना मी हे तीनदा सांगितलंय, चौथ्यांदाही सांगेन.

सोनोउनोवर आम्ही शाळेच्या अंगणातला पाऊस लावला. पर्जन्यमापकातलं पाणी मुलं रोज सकाळी इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने ओढून मोजतात. सिरिंजच्या दांड्यावर खाचा केल्यात, त्या बोटाला लागतात. जून ते सप्टेंबर, दोन रकाने, तारीख आणि मिलिमीटर. जुलैच्या मधल्या आठवड्यात सूर वर चढत गेला तेव्हा दहावीचा एक मुलगा ओरडला, "हा ओढ्याला पूर आला तो दिवस!" तारीख तपासली. तोच दिवस होता. यंदा त्याने विज्ञानच घेतलंय, सवलत नाकारून.

चंद्रा दुर्बिणीच्या ऐकायच्या चित्रांना माझ्याकडून पाचपैकी चार. मराठी वर्णनं आली तर साडेचार. माझी सहा वर्णनं कुणाला हवी असतील तर मागा, पाठवते.

पुढचं काम ठरलंय. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. अ‍ॅलिसन बिएरिला आणि वांडाबाईंनी २०१७ च्या ग्रहणाच्या वेळी लाइटसाउंड नावाचं छोटं यंत्र केलं. ऊन भरपूर असेल तर बासरीसारखा सूर, कमी झालं की क्लॅरिनेट, अंधारात नुसती टिकटिक. बांधणीच्या सूचना सगळ्यांसाठी खुल्या आहेत. गावातल्या आयटीआयचे एक सर तारांना डाग (सोल्डरिंग) द्यायला तयार झालेत. ऑगस्टात साताऱ्याला ढग असणारच, म्हणून मुलांचा आग्रह आहे की यंत्र वर्षभर आधी तयार हवं. रोज अंगणात लावून नुसत्या ढगांचा सूर कसा लागतो तो आधी पाठ करायचा, म्हणजे ग्रहणाचा वेगळा ओळखता येईल.