साडेसत्तावीस मिलिमीटरची रिकामी नळी: एम४२ ते सोनी ई अडॅप्टर

ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळणारा, कुठल्याही नावाचा एम४२ (जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची आट्यांची लेन्स-बैठक) ते सोनी ई (सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यांची बैठक) अडॅप्टर उघडून पाहा. ती अ‍ॅल्युमिनियमची रिकामी नळी असते. आत काच नाही, चिप नाही. एका तोंडाला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे, दर फेऱ्याला १ मिलिमीटर पुढे सरकणारे. दुसऱ्या तोंडाला सोनीचं बायोनेट, म्हणजे थोडं फिरवून अडकवायची कडी. बोटीवरच्या नोकरीतून किंवा आखातातून परतताना कुणी आणलेला पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, जुना प्राक्टिका किंवा झेनिट-ई घरच्या कपाटात असेल, तर त्याची लेन्स आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसवायला एवढंच लागतं. पण नळी रिकामी आहे म्हणून कुठलीही चालते, असं नाही.

सगळं अवलंबून आहे ते जाडीवर. एम४२ लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर, सोनी ई माउंटचं १८. म्हणजे नळी हवी २७.४६ मिलिमीटरची. निकॉन झेडसाठी हाच आकडा २९.४६ आणि कॅनन आरएफसाठी २५.४६ होतो. नळी फक्त ०.१ मिलिमीटर जाड निघाली, तर ५८ मिलिमीटरची लेन्स ३३-३४ मीटरपलीकडे फोकसच होत नाही. २८ मिलिमीटरची तर आठ मीटरच्या आतच अडते, आणि ती बहुतेक घेतलेली असते निसर्गदृश्यांसाठी! १३५ ला मात्र तेवढीच चूक १८० मीटरपर्यंत जाणवत नाही. त्यामुळे ‘माझ्या टेलिलेन्सवर अडॅप्टर एकदम झकास चालतो’ असा अभिप्राय वाचून वाइड लेन्ससाठी तोच मागवू नये.

म्हणूनच बनवणारे मुद्दाम नळी किंचित आखूड ठेवतात. मग लेन्स अनंताच्याही पुढे फिरते. फोटो बिघडत नाही, फक्त लेन्सवरचे अंतराचे आकडे खोटे पडतात. शिगम्याच्या मिरवणुकीत ‘३ मीटर’ लावून, एफ/८ ठेवून, न बघता फोटो काढत जाणाऱ्यांना ते नडतं. बाकीच्यांनी त्याची चिंता करू नये.

तपासायला गोव्यात दोना पावलाच्या धक्क्यावरून मुरगाव बंदराकडची जहाजं किंवा मिरामारहून आग्वादचा किल्ला पुरेसा दूर आहे. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, कॅमेरा तिकाटण्यावर, पडद्यावर चित्र मोठं करून रिंग टोकापर्यंत फिरवायची. कडा स्पष्ट होऊन पुन्हा थोडी धूसर झाली, तर नळी आखूड आहे, हे बरं. टोकाला जाऊनही धूसरच राहिली, तर परत पाठवा. सॅन्डपेपरवर घासून जाडी कमी करण्याचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका. हाताने घासलेली नळी एका बाजूला उतरते आणि मग फोटोची डावी कड स्पष्ट, उजवी धूसर असा नवा रोग लागतो. हाच तिरपेपणा नव्या नळीतही असू शकतो. व्हर्निअरने चार ठिकाणी जाडी मोजा. आकडे वेगवेगळे येत असतील तर कुंडई किंवा वेर्णे औद्योगिक वसाहतीत ओळखीचा लेथवाला गाठून त्याच्या मायक्रोमीटरवर खात्री करा. नळी फारच आखूड असेल तर बायोनेटचे स्क्रू काढून खाली पातळ पितळी शिम (चकती) घालता येते. सारखी जाडी हवी, म्हणून तुकडे न जोडता एकसंध कडं कापायचं.

दुसरी गोष्ट आतल्या ओठाची. ऑटो डायफ्रॅमच्या, म्हणजे फोटोच्या क्षणी छिद्र आपोआप लहान होणाऱ्या, एम४२ लेन्सला मागे एक पिन असते. ती दाबली गेली तरच छिद्राची पाती मिटतात. अडॅप्टरच्या आत ओठ असेल तर लेन्स पूर्ण आवळल्यावर तो पिन दाबून धरतो. ओठ नसेल आणि लेन्सवर ए/एम (आपोआप/हाताने) बटणही नसेल, तर रिंग एफ/१६ वर नेली तरी पाती उघडीच. हेलिओस ४४-२ (५८ मिलिमीटर, एफ/२) सारख्या प्रीसेट, म्हणजे छिद्र हातानेच मिटवायच्या, लेन्सला पिनच नसते, तिला दोन्ही चालतात. मात्र काही लेन्सच्या मागे बाहेर आलेली कड असते, ती ओठावर अडून लेन्स पूर्ण बसत नाही. तिथे जबरदस्ती केली तर आटे जातात.

स्वस्त नळ्यांचा खरा दोष मात्र आतल्या रंगात सापडतो. टॉर्च मारून पाहा, काळा असूनही चकचकतो. पणजीच्या पांढऱ्याशुभ्र चर्चचा दुपारी फोटो काढा, किंवा रात्री तिथल्याच अटल सेतूचे दिवे. काळ्या भागावर धुरकट पडदा येतो आणि दोष जातो बिचाऱ्या जुन्या लेन्सला. आटे आणि बायोनेट मास्किंग टेपने झाकून आत मॅट काळ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात द्या, दोन दिवस वाळू द्या. मखमली कागद लावू नये, त्याची कुसं थेट सेन्सरवर जातात.

लेन्स आवळल्यावर खुणेची रेघ वर न येता बाजूला गेली, तर काही अडॅप्टरांच्या बाहेरच्या कडेला तीन बारीक ग्रब स्क्रू असतात. ते सैल करून आतलं आट्यांचं कडं फिरवता येतं. लेन्स लागल्यावर नळी कॅमेऱ्यावर डुलत असेल तर मात्र इलाज नाही, परत करा.

कॅमेऱ्यात ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करायचं, नाहीतर शटर पडतच नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर फोकल लांबी हाताने भरायची. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर ५८ ची लेन्स ८७ सारखी दिसते, पण भरायचे ५८च. तो आकडा यादीत नसेल तर सर्वांत जवळचा. फोकस पीकिंगवर (स्पष्ट कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) एफ/२ ला विसंबू नका, चित्र मोठं करूनच बघा. ४४-२ वर प्रीसेट रिंग १६ वर ठेवून दुसऱ्या रिंगने छिद्र लहान-मोठं करा. क्लिक लागत नाही, व्हिडिओला उत्तम. दीड-दोन मीटरवर माणूस आणि मागे माडांची झावळं ठेवली की तिची प्रसिद्ध गरगर, म्हणजे मागची धूसर गोल फिरल्यासारखी, दिसते. समुद्रकिनाऱ्यावर रिकाम्या आकाशापुढे ती शोधत बसू नये, तिथे गरगरायला काही नसतंच.

निकॉनच्या जुन्या डीएसएलआरसाठी एम४२ अडॅप्टर घेऊ नका. तिथलं अंतर ४६.५ मिलिमीटर, म्हणजे लेन्सच्या गरजेपेक्षा जास्त. बिनकाचेचा घेतला तर ५८ ची लेन्स सव्वातीन मीटरच्या आसपास थांबते, काचेचा घेतला तर लेन्सचं सौंदर्य ती स्वस्त काचच खाते.

खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांवर पांढरी पूड धरते आणि लेन्स नळीतच अडकते. रबरी हातमोजे घालून फिरवल्यास सहसा सुटते. जूनच्या आत नळी लेन्सवरून काढा, आटे कोरड्या ब्रशने साफ करा, आणि लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवून, वेगळी ठेवा.